गावात किराणा घरपोच कसा मिळवावा: आधी फाट्यावर विचारा, मग ॲपवर

माझी आई यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका लहान गावात एकटी राहते. गुडघे धरल्यापासून तिचं तालुक्याला जाणं थांबलं आणि महिन्याचा किराणा कसा पोहोचवायचा हे पुण्यात बसून मला ठरवावं लागलं. मी ॲप उघडलं, पिन कोड टाकला, 'डिलिव्हरी उपलब्ध' असं दिसलं आणि पैसे भरले. सहा दिवसांनी माल परत गेल्याचा मेसेज आला. पत्ता सापडला नाही म्हणे. तोवर आई शेजारून साखर आणि चहापत्ती उसनी आणत होती.

नंतर कळलं ते असं. पिन कोड पोस्टानं १९७२ साली टपालाच्या वाटपासाठी आखला. आपल्याकडे एकाच पिनखाली पंधरा-वीस गावं सहज असतात. ॲप फक्त पिन बघतं, तुमच्या गावाचा रस्ता बघत नाही. दहा मिनिटांत माल आणणाऱ्या ब्लिंकिट, झेप्टोसारख्या सेवा तर आपल्या गोदामाभोवतीच्या काही किलोमीटरपुरत्या चालतात. नागपुरात त्यांचा उपयोग आहे, खेड्यात त्यांच्यावर वेळ घालवू नका.

गावात आधीच कोण येतं, ते लिहून काढा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच कोणी करत नाही. एक आठवडा वही घेऊन बसा. दुधाची गाडी किती वाजता येते? गावातल्या दुकानात बिस्किटं-साबणाच्या एजन्सीची गाडी कोणत्या वारी येते? काळी-पिवळी जीप दिवसातून किती फेऱ्या मारते? मुक्कामी एसटी आहे का? तालुक्याहून अपडाऊन करणारे गुरुजी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका कोण? माल आणणारी चाकं गावात रोज फिरत असतात. आपल्याला फक्त आपली पिशवी त्यांच्यावर चढवायची आहे.

मग तालुक्याच्या ठिकाणच्या दोन-तीन मोठ्या किराणा दुकानांत स्वतः जा, किंवा कोणाला तरी पाठवा. फोनवर ही ओळख होत नाही. विचारायचं एवढंच: व्हॉट्सॲपवर यादी घेता का, आमच्या रस्त्यानं गाडी पाठवता का, कमीत कमी किती रुपयांचा माल लागतो, भाडं कोणाकडे. आईच्या दुकानदारानं पहिल्याच भेटीत सांगितलं, "यादी टाकून द्या न काकू, तीनच्या गाडीनं पाठवून देतो." तेव्हापासून माल फाट्यावरच्या पानठेल्यावर उतरतो आणि शेजारचा मुलगा सायकलवर घरी आणून देतो. त्या मुलाला काही ना काही द्याच, फुकट राबवू नका. अपडाऊन करणाऱ्यांवरही तेलाचा १५ किलोचा पिपा लादू नका. औषधाची पट्टी किंवा चहाचा पुडा ठीक आहे.

एका घराच्या मालासाठी दुकानदार गाडी वळवत नाही. चार-पाच घरांची यादी एकत्र करा आणि वार ठरवून घ्या. गावात महिला बचत गट असेल तर हे काम त्यांच्याइतकं चोख दुसरं कोणी करणार नाही, कारण हिशेबाची वही आणि महिन्याची बैठक त्यांच्याकडे आधीच असते. बचत गटांसाठीच्या राज्य सरकारच्या 'उमेद' अभियानाशी जोडलेले अनेक गट तिखट, हळद, पापड, डाळ स्वतःच तयार करतात. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद शेजारच्या जिल्ह्यात मिळत असताना ती मुंबईच्या गोदामातून मागवण्यात अर्थ नाही.

ॲप वापरायचंच असेल तर

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, जिओमार्ट यांवर पिन टाकून बघा. पण पहिली ऑर्डर दोन-अडीचशे रुपयांच्या सुक्या मालाची करा आणि शक्य असेल तर पैसे माल आल्यावर द्या. ती नीट पोहोचली तरच महिन्याची यादी टाका. पत्त्यात नुसतं गावाचं नाव लिहून भागत नाही. गाव, पोस्ट, तालुका, कोणत्या रस्त्यावरचा कोणता फाटा, ग्रामपंचायतीपासून किंवा देवळापासून घर कुठे, हे सगळं लिहा. मोबाइल नंबर दोन द्या आणि त्यातला एक रेंज असलेल्या माणसाचा. घर कोपऱ्यात असेल तर शाळेसमोरच्या दुकानाचा पत्ता द्या, अर्थात दुकानदाराला विचारून. ओटीपी माल हातात आल्यावरच सांगायचा, हे आईवडिलांना दोनदा समजावा.

भाजी ॲपवर शोधू नका. वांगी, मिरच्या, सांबार (कोथिंबीर) आठवडी बाजारातलंच चांगलं. एप्रिल-मेच्या उन्हात तूप, चॉकलेट, अंडी असलं काही लांबून मागवू नका.

भाव ताडून बघा

किलोचा भाव काढताना डिलिव्हरीचे पैसे त्यात धरा. तेलाच्या पाकिटावरचं वजन वाचा. सोयाबीन तेल एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्राम. दिसायला सारखं असलेलं दुसरं पाकीट त्याहून कमी भरतं आणि स्वस्त वाटतं. तालुक्याला जाण्याचा खर्चही खरा धरा. एसटीत बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, म्हणून तिकिटाचे पैसे थोडेच. पण बुडालेली मजुरी आणि फाट्यापासून डोक्यावरून वाहिलेलं ओझं कोण मोजणार? माझ्या मते एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी किलोमागे दोन-तीन रुपये जास्त गेले तरी घरपोच मालच घ्यावा.

पाकीट फोडण्याआधी छापील किंमत, वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक बघा. सुटा माल आला तर वजनकाट्यावर ठेवा. खराब निघाला तर लगेच फोटो काढून दुकानदाराला पाठवा. ऑनलाइन कंपनीनं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. 'पैसे परत देतो, यूपीआय पिन टाका' असा फोन आला तर तो चोरच समजा. पैसे मिळवायला पिन लागत नाही. तरीही पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पावसाळ्याचं वेगळं

गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुरानं रस्ता बंद होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण नाल्यापलीकडची कितीतरी लहान गावंही दोन-तीन दिवस तुटतात. त्या दिवसांत ना काळी-पिवळी येते, ना कुरियरवाला. तेल, मीठ, डाळ, साखर, काड्यापेट्या आणि नेहमीच्या गोळ्या मृगाच्या आधीच भरून ठेवा. मी आईची ही यादी मे महिन्याच्या शेवटच्या बाजाराआधी दुकानदाराला पाठवून देते. जूनमध्ये त्याच्याकडेही गर्दी होते.