चेंबर्ड इलेक्ट्रिक गिटार घडवताय? या चुका टाळा

आतून पोकळ बॉडीचा आराखडा काढायला बसलं की बहुतेक जण पहिली रेघ पोकळीची ओढतात. पुढच्या अर्ध्याअधिक चुकांचं मूळ मला तिथेच दिसतं. आधी कोणतं लाकूड जागेवर राहिलंच पाहिजे ते आखा, मग उरेल तेवढंच कोरा.

राहिलंच पाहिजे ते असं: नेकच्या (गिटारच्या मानेच्या) खाचेखालचं लाकूड, ब्रिजखालचं (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या भागाखालचं) लाकूड आणि या दोघांना जोडणारा मधला ठोकळा. 648 मिमी स्केलवर (तारेची कंप पावणारी लांबी) 10-46 चा (इंचाच्या हजाराव्या भागात जाडी) तारांचा संच सुरात लावला की तारांचा एकूण ताण 45 किलोच्या आसपास जातो आणि तो याच मधल्या लाकडावर येतो. गिब्सनने 1958 मध्ये ईएस-335 काढली तेव्हा दोन्ही बाजू पोकळ ठेवून मध्ये मेपलचा भरीव ठोकळा घातला, तो फीडबॅक (अँपच्या आवाजाने गिटार स्वतःच घुमणं) आवरण्यासाठी. ठोकळ्याची रुंदी अंदाजाने ठरवू नका. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजच्या (दोन खांबांवर बसणारा प्रकार) दोन खांबांत 74 मिमी अंतर असतं, टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवायचा भाग) बोल्टांत 82 मिमी. बोल्टांची बुशिंग (लाकडात ठोकायच्या धातूच्या नळ्या) भरीव लाकडात बसायची तर ठोकळा 100 मिमीच्या खाली नेऊ नये. खांद्यावरच्या पट्ट्याच्या बटणांमागे आणि जॅकभोवतीही (केबल लावायची जागा) 20-25 मिमी लाकूड सोडा. बटणाचा स्क्रू पातळ भिंतीत टिकत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे फक्त वरून दिसणारा नकाशा काढणं. माझी दुसरी बॉडी मी अशीच केली होती. पोकळ्या सुरेख आल्या, टॉप (वरून झाकणारी फळी) चिकटला आणि मग हात टेकायला कडेला उतार द्यायला रंधा घेतला. थोड्या वेळाने रंध्याचा आवाज बदलला. आधीचा भरीव आवाज जाऊन ढोलकीसारखा घुमायला लागला. दोन हात आणखी मारले आणि लाकडात नखाएवढी काळी फट उघडली. हिशोब साधा होता, मी तो मांडला नव्हता. उतार कडेला 12 मिमी खोल आणि 80 मिमी आत जाऊन शून्य होणार होता. पोकळी आणि कड यांमधली माझी भिंत 20 मिमी जाडीची. भिंत संपते तिथे उताराची खोली 9 मिमी भरते आणि टॉप तर 6 मिमीचाच! त्या कोपऱ्यात टॉपची निम्मी जाडी शाबूत ठेवायची, तर पोकळी कडेपासून 60 मिमी आत सुरू व्हायला हवी होती. पोटाकडचा मागचा उतारही याच रीतीने तपासा. कागदावर बॉडीचा उभा छेद खऱ्या मापात काढा, निदान तीन ठिकाणी. तासाभराचं काम आहे.

कोरताना फॉर्स्टनर बिट (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं ड्रिलचं पातं) दगा देतं ते त्याच्या मधल्या टोकामुळे. हे टोक कडेच्या धारेपेक्षा दोनतीन मिलिमीटर पुढे असतं. एकूण जाडी 45 मिमी, त्यात टॉप 6, तळ 8, म्हणजे पोकळी 31 मिमी खोल. ड्रिलचा स्टॉप धारेवरून 31 ला लावला तर टोक तळात शिरतं आणि मागचा उतार काढताना ठिपक्यांची रांग उमटू शकते. 28 मिमीवर थांबा, उरलेलं राऊटरने काढा, तेही एका फेरीत 3-4 मिमीच. राऊटर बिटचं बेअरिंग (कडेवर फिरणारं चाक) टेम्प्लेटला (आकाराच्या नमुना-फळीला) किंवा आधी कापलेल्या भिंतीला पुरतं टेकलंय का, हे राऊटर चालू करण्याआधी डोळ्यांनी पाहा. दुहेरी टेपवर टेम्प्लेट सरकला तर पटाशी ती भिंत परत आणत नाही.

कोरून झालं की लगेच टॉप चिकटवायची घाई होते. लाकूड पोकळ झालं की त्यातला ताण सुटतो, फळी किंचित वाकते. दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी पट्ट्यांवर आठवडाभर ठेवा, मग सरळपट्टी आडवी-तिरपी लावून चिकटवायची बाजू पुन्हा सपाट करा. वाकलेल्या फळीवर क्लॅम्पच्या जोराने टॉप बसवता येतो, पण तो सांधा कायम ताणाखाली राहतो.

टॉप लागण्याआधी वायरींचे मार्ग कोरा: पिकअप (तारांचा कंप उचलणारी चुंबकाभोवतीची गुंडाळी) ते कंट्रोल (आवाजाच्या बटणांची पोकळी), स्विच ते कंट्रोल, कंट्रोल ते जॅक आणि विसरला जाणारा चौथा, ब्रिजच्या ग्राउंडचा (ब्रिजला जॅकच्या ग्राउंडशी जोडणारी वायर). प्रत्येकातून मजबूत दोरा ओवून ठेवा. पोकळ्यांतला भुसा व्हॅक्यूमने काढा. सरस पोकळीच्या काठापासून 2-3 मिमी मागे ठेवा, नाहीतर आत ओघळलेला थेंब वाळून सुटतो आणि खडखडत राहतो. टॉप सरकू नये म्हणून दोन बारीक खुंट्या बसवा, पण पुढे कापल्या जाणाऱ्या जागी, म्हणजे पिकअपच्या आणि नेकच्या खाचेत. क्लॅम्प कडेला भरपूर लागतात आणि मधला ठोकळा उपाशी राहतो, म्हणून त्यावर जाड आडवी पट्टी टाकून दाबा. सरसाशिवाय एकदा पूर्ण तालीम कराच.

टॉप 3 मिमीपर्यंत उतरवला तर पोकळीवर तो घासताना दबतो आणि पॉलिशनंतर आतल्या पोकळीचा आकार वरून दिसायला लागतो. 6 मिमी ठेवा, कडक ठोकळ्यावर सँडपेपर लावून घासा. नेकच्या खाचेची खोली टॉपच्या वरच्या पातळीपासून मोजा. ट्यून-ओ-मॅटिक उंच बसतो, त्याला नेकचा कोन लागतो, म्हणून ब्रिज हातात आल्याशिवाय खाच कापू नका.

वजन किती उतरेल याचाही हिशोब आधीच मांडा. 300 चौरस सेंटिमीटरची पोकळी 3 सेंटिमीटर खोल, म्हणजे 900 घन सेंटिमीटर लाकूड गेलं. 0.55 घनतेला ते जवळपास 500 ग्रॅम. बॉडी इतकी हलकी झाली की गिटार खांद्यावरच्या पट्ट्यावर डोक्याकडे झुकते. वरचं बटण बाराव्या फ्रेटच्या जवळ येईल असं बॉडीचं वरचं शिंग (नेककडे पुढे आलेलं टोक) लांबवा आणि ट्यूनर हलके निवडा.

झाल्यावर काही बिघडलंच तर आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. फीडबॅक आला की सगळे पोकळीला दोष देतात. एफ-होल (टॉपवरची f आकाराची भोकं) असतील तर त्यांत फोम कोंबून पाहा. घुमणारा खालचा सूर थांबला तर पोकळीच बोलत होती. कर्कश शिट्टी तशीच राहिली तर पिकअपच्या कव्हरवर नखाने टकटक करा. अँपमधून ती मोठ्याने ऐकू आली तर पिकअपची गुंडाळी सैल आहे, तिला मेणात बुडवावं लागेल.

अँपमधली गुणगुण तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर ब्रिजचं ग्राउंड ठीक आहे, शिल्डिंग (पोकळ्यांचं आतलं धातूचं अस्तर) कमी पडतंय. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्याची शक्यता मोठी. काहीच फरक पडत नसेल तर तो विसरलेला चौथा मार्ग आठवा. मल्टीमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या ग्राउंडला लावा. जवळपास शून्य ओहम दिसला नाही तर वायर पोचलेलीच नाही. यासाठी टॉप उघडावा लागत नाही. टेलपीसचं एक बुशिंग वर काढा, लांब बिटने कंट्रोलच्या पोकळीतून त्या भोकाच्या तळाकडे तिरपं भोक घ्या, वायरचं सोललेलं टोक भोकात ठेवा आणि बुशिंग परत ठोका.