आडवाटेला निघण्याआधी: गाडी आणि ट्रेलरच्या तयारीची यादी

आडवाटेसाठी गाडी सजवायची म्हटलं की बहुतेकांच्या यादीत वर असतात विंच (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र), छतावरचा कॅरिअर आणि दिव्यांचा लांबलचक बार. माझ्या यादीत पहिलं नाव वजनकाट्याचं आहे. टाकी काठोकाठ भरा, नेहमीचं सामान आणि नेहमीची माणसं आत घ्या आणि गाडी काट्यावर चढवा. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलता आली तर उत्तमच. गाडीच्या कमाल वजनमर्यादेतून हा आकडा वजा केला की उरते ती तुमची शिल्लक, आणि ती पाहून बहुतेकांचा चेहरा पडतो. स्टीलचा बंपर सहज ५० किलोंच्या घरात जातो, विंच ३०च्या आसपास, पाणी लिटरमागे एक किलो. छताची मर्यादा तर वेगळी आणि बरीच कमी असते. कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं. इथून पुढची प्रत्येक वस्तू या शिल्लकीतून घ्यायची आहे.

त्यामुळे पहिला खर्च टायरवर. चिखलातच राहणार नसाल तर ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या वाटांसाठीचे टायर पुरतात. चिखलासाठीचे मड टेरेन डांबरी रस्त्यावर गुणगुणतात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. आकार वाढवायचा मोह आवरा. २६५/६५ आर १७ मापाचे टायर काढून २६५/७० आर १७ मापाचे घातले, तर व्यास साधारण २६ मिलिमीटरनं वाढतो, पण गाडीचं पोट वर उचललं जातं त्याच्या निम्मंच, म्हणजे १३. त्या बदल्यात स्पीडोमीटर तीन टक्क्यांहून जास्त चुकतो आणि गिअरही तेवढेच जड होतात. बाजूची भिंत जाड असलेला, भार पेलणारा टायर मूळ आकारातच घेतलेला बरा.

टायरपेक्षाही मोठा फरक पडतो तो आतल्या हवेनं, आणि ती फुकट असते. डांबरावर ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असेल तर खडीच्या वाटेवर २६-२८, मऊ वाळूत १६-१८. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं वाटतं. खरं तर त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि भार पसरतो. १५च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो, आणि कमी हवेवर वेगात पळवलात तर तापून फाटतो. म्हणून हवेचा काटा आणि कॉम्प्रेसर ही जोडी लागतेच. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्या. लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप मोठे टायर भरताना फ्यूज उडवतो. पंक्चरचे प्लग, व्हॉल्व्हचे दोन-चार जादा कोअर, जॅक आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. फळीशिवाय जॅक वाळूत खाली जातो, गाडी जागची हलत नाही.

रुतल्यावर काय? आधी फावडं, मग चाकाखाली सरकवायच्या पाट्या. दहातल्या आठ वेळा एवढ्यावर सुटका होते आणि कुणाला इजाही होत नाही. ओढायची वेळ आली तर दोन पट्ट्यांतला फरक माहीत हवा: टोइंगची पट्टी ताणत नाही, तिला झटका द्यायचा नसतो, नायलॉनचा रिकव्हरी दोर ताणतो आणि साठवलेल्या जोरानं गाडी उपसतो. तो अडकवायचा तो भारक्षमता कोरलेल्या हुकालाच. जहाजावर गाडी बांधायला कारखान्यानं दिलेल्या कड्या यासाठी नसतात, आणि टो-बॉल (ट्रेलर अडकवायचा गोळा) तर कधीच नाही. बॉल तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. माणसं मेली आहेत. शॅकल, म्हणजे दोर हुकाला जोडायची कडी, ४.७५ टनांची; दोर तुटला तर उसळू नये म्हणून त्याच्या मध्यावर जड गोणपाट किंवा डॅम्पर, बाकी सगळे दूर.

विंच घ्यायचीच असेल तर तिची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट हवी. जाहिरातीतला आकडा ड्रमवरच्या पहिल्या वेढ्यापुरता असतो, वरच्या थरांवर ओढ घटत जाते. नेहमी दोन गाड्यांनी जाणाऱ्यांना तिची गरज क्वचितच पडते. मी माझी काढून टाकली.

ट्रेलरबद्दल मात्र मी हट्टी आहे. दोन चाकांमधलं अंतर ओढणाऱ्या गाडीइतकंच असावं, म्हणजे तो तिच्याच चाकोरीतून येतो; अरुंद किंवा रुंद ट्रेलर स्वतःची वाट उकरत येतो आणि वाळूत नांगरासारखा रुततो. रिम आणि टायर गाडीचेच बसले तर एक स्टेपनी दोघांना चालते. हवा कमी करताना ट्रेलरचे टायर विसरू नका, सगळे विसरतात. साधा ५० मिलिमीटरचा बॉल खड्ड्याखड्ड्यांत ठरावीक कोनापलीकडे वळत नाही. चारी बाजूंनी फिरणारं आडवाटेचं कपलिंग (गाडी आणि ट्रेलरमधला जोड) घ्या, सोबत दोन साखळ्या, खाली फुलीसारख्या ओलांडून. ब्रेक इलेक्ट्रिक, गाडीतून हातानं लावता येतील असे.

कपलिंगवर टेकणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा: १२०० किलोंचा ट्रेलर तर १२० किलो. हे १२० किलोही गाडीच्या शिल्लकीतून जातात. एकदा मी पाण्याचे कॅन सोयीचे म्हणून मागच्या दाराशी रचले. ट्रेलर बैलगाडीसारखा उलाळ, म्हणजे मागं जड झाला आणि उतारावर शेपूट हलवू लागला. गाडीचा ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडला, फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावला, तेव्हा तो सरळ झाला. तेव्हापासून जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि तळाशी.

विजेचं थोडक्यात. ट्रेलरमध्ये वेगळी बॅटरी असेल तर जाड केबल, ५० अँपिअरचा प्लग आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर व्होल्टेज खाली आणतात, त्यामुळे मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे व्होल्टेज पुन्हा वाढवून बॅटरी भरणारं यंत्र लागतं.

पाण्यातून जाणार असाल तर स्नॉर्केलच्या (इंजिनची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीच्या) आधी डिफरेन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरपेटीच्या, हवा खेळवणाऱ्या ब्रीदर नळ्या उंच करून घ्या. तापलेलं डिफ गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि नळीतून पाणी ओढून घेते; तेलाचं पांढरट ताक होतं.

उंची वाढवणारे स्प्रिंग, बदललेलं वजन, मोठे टायर यांना तुमच्या भागात परवानगी लागते का आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे काम सुरू करण्याआधी विचारा.

सगळं बसलं की भरलेली गाडी आणि ट्रेलर पुन्हा काट्यावर. मग घराजवळच एक रात्र मुक्काम. निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासानं थांबा, चाकांचे नट आवळा आणि ट्रेलरच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) हात ठेवा: कोमट असेल तर चला, हात टेकवत नसेल तर बेअरिंग उघडा. जादा बेअरिंग, सील आणि ग्रीसचा डबा वरच ठेवला आहे ना?