जठराच्या कर्करोगात रक्तातील मार्करचे अहवाल कसे वाचावेत

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे दुर्बिणीची तपासणी व बायॉप्सी होऊन जठराच्या कर्करोगाचे निदान झाले की, मुंबईची गाडी धरण्यापूर्वीच ट्यूमर मार्करचा, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या काही पदार्थांचा, अहवाल बहुधा पिशवीत आलेला असतो. त्यातील आकडा वाढला म्हणजे आजार पसरलाच असे नाही, आणि तो मर्यादेत असला म्हणून पसरलेला नाही, असेही म्हणता येत नाही.

सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ ही अशा मार्करांची नावे. सीईएची नेहमीची मर्यादा ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात. विडी ओढणाऱ्यांमध्ये कर्करोग नसतानाही तो थोडा वाढलेला असू शकतो, म्हणून वडीलधाऱ्यांच्या विडीविषयी आपल्याकडे कितीही संकोच असला तरी डॉक्टरांपासून ती लपवू नये. सीईए फारच वाढला असेल, तर आजार तिथे पसरला आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टर यकृताकडे विशेष लक्ष देतात. सीए १९-९ची मर्यादा ३७ युनिट प्रति मिलिलिटर. पित्ताचा मार्ग अडून कावीळ झाल्यास तोही चढतो, त्यामुळे त्याच दिवसाचे बिलिरुबिन (रक्तातील काविळीचे प्रमाण) शेजारी ठेवूनच तो वाचावा. काहींच्या शरीरात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. त्यांच्या बाबतीत हा आकडा निरुपयोगी ठरतो.

सर्वाधिक विचार सीए १२५चा करावा. त्याची मर्यादा ३५ युनिट प्रति मिलिलिटर असून, पोटाच्या आतील अस्तरावर आजार पोहोचल्यास तो वाढू शकतो. या अस्तरावरील बारीक गाठी सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाहीत. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी लॅपरोस्कोपीने, म्हणजे लहान छिद्रातून दुर्बीण घालून, पोटात पाहण्याची आणि पोट आतून धुऊन काढलेले पाणी तपासण्याची गरज आहे का, हे शल्यचिकित्सकांना अवश्य विचारावे. अर्थात मासिक पाळीत, किंवा यकृताच्या विकाराने पोटात पाणी झाले असतानाही हा मार्कर वाढतो.

पहिले रक्त उपचार सुरू होण्यापूर्वी द्यावे, आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. जळगावचा एक आकडा आणि मुंबईचा दुसरा यांची सरळ तुलना करू नये, कारण तपासणीची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असल्यास रक्त देण्यापूर्वीच सांगावे, कारण त्यांमुळे आकडा चुकू शकतो. एका वहीत तारीख, आकडा, एकक, प्रयोगशाळा आणि त्या दिवशी ताप किंवा कावीळ होती का, एवढे लिहून ठेवावे. लागोपाठच्या अहवालांत आकडा चढत गेला, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवून पुढील स्कॅन लवकर करावा का, ते विचारावे. केवळ त्या आकड्यावरून केमो स्वतःहून थांबवू नये.