आजीचं ‘किरकोळ’ काम कसं शोधायचं: गिरणगाव, १९४० ते १९६५

“आजी, तू कधी नोकरी केलीस का?” असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे. “छे गं, मी कुठली नोकरी करतेय, घरीच होते.” आणि मग अर्ध्या तासाने, चहा झाल्यावर, तीच आजी सहज सांगून जाते, की धाकट्याच्या वेळेपासून गिरणीत बदलीला जाणं सोडलं, गाळ्यात एकत्र राहणाऱ्या दहा-बारा माणसांचं जेवण करायला घेतलं आणि दुपारी शिंप्याकडची काजं-बटणं. म्हणजे तीन कामं. हिशोबात एकही नाही.

माझी आई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बदली कामगार होती: कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरती त्याच्या जागी. मावशी खानावळ चालवायची. मी पुढे परळच्या एका रात्रशाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या घरांत बसून अशा बायकांची कामं लिहून घेते. ज्यांना आपल्या घरातल्या बाईचं असं काम लिहून ठेवायचंय, त्यांच्यासाठी माझी रीत सांगते.

आधी, विचारायचं कुणाला? १९५० साली कामावर असलेल्या बायका आज असल्या तर नव्वदीच्या पुढे आहेत. बहुतेक घरांत उरलीय ती त्यांची मुलगी, जी तेव्हा आठ-दहा वर्षांची होती. तिला कमी लेखू नका. डबा गेटवर नेऊन देणं, कागदी पिशव्यांना खळ लावणं, धाकट्याला कडेवर घेऊन आईच्या सुटीची वाट बघणं, हे सगळं तिच्याच गळ्यात होतं. मुलगे ‘आई घरीच असायची’ म्हणतात. त्याच घरातल्या मुली सांगतात, आई कुठल्या कोपऱ्यात बसून काय करायची.

नोकरीचा प्रश्न सोडा आणि घड्याळ धरा. “पहाटेचा भोंगा झाला, तेव्हा तू कुठं असायचीस? नळाला पाणी किती वाजता? आजोबा पहिल्या पाळीला गेले की पुढचं काय?” असं तासातासाने दुपार, तिन्हीसांज, रात्र असा दिवस उलगडत न्या. चाळीतला दिवस नळ आणि भोंगा यांच्यावर चालायचा, त्यामुळे वेळा चांगल्या लक्षात असतात. या दिवसात कुठंतरी दोन-तीन तास असे सापडतात, जिथं ती “बसल्या बसल्या काहीतरी करायचे” म्हणते. तिथं थांबा. ते काहीतरी म्हणजे काय, माल कोण आणून टाकायचं, कोण न्यायचं, पैसे नगावर की डझनावर, आणि खराब निघालेल्या मालाचं काय व्हायचं, एवढं विचारा.

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बिड्या वळणाऱ्या बाईला तो विचारला की आवाजच बदलतो. मजुरी हजार बिड्यांवर ठरलेली. ठेकेदाराचा माणूस बिड्या तपासून ‘छाट’ बाजूला काढणार, छाटीचे पैसे नाहीत, आणि ती बिडी परतही मिळणार नाही. पान कमी भरलं तर भर बाईने आपल्या पैशाने घालायची. दिवसभर हजार वळल्या तरी हातात हजाराची मजुरी येईलच असं नाही, हे त्या एका उत्तरातून कळतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत विडीकाम होतं. घरी बसून वळणाऱ्या बाईपर्यंत ते किती पोचलं, हे तिच्याच तोंडून ऐका.

हात दाखवायला सांगा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय, कारण शब्दांनी जे येत नाही ते हात सांगतात. बिडीवाली बाई रिकाम्या हातानेही पान कापायचा पत्रा धरल्यासारखी बोटं करते, मग वळते, मग नखाने तोंड मुडपते. वाइंडिंगवाली बाई तुटलेला धागा शोधून दोन बोटांत गाठ मारते, इतकी चटकन की तुम्हाला दिसणारही नाही. माझ्या आईच्या उजव्या तर्जनीच्या कडेला धाग्याने पडलेली बारीक खाच शेवटपर्यंत होती. पोळी लाटतानाही ती बोट जरा वर धरायची. मोबाइलवर हाताचंच चित्रण करा, चेहऱ्याचं नको. चेहरा समोर आला की बायका पदर सारखा करत बसतात.

आता गिरणीतलं बदलीचं काम. इथं जरा रेंगाळते, कारण अर्धवेळ कामाचं खरं कोडं तिथंच आहे. गिरणीत ‘अर्धा दिवस’ नावाची नोकरी नव्हती. होती ती बदली: कायम कामगार खाड्यावर असला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. गिरणीमालकांच्या संघटनेने १९३५ पासून बदलीवर नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना बदली कार्डं द्यायची आणि त्यांनी रोज सकाळी गेटवर हजर राहायचं. काम मिळालं तर आत, नाही मिळालं तर घरी. आई दोन्ही तयारीने जायची. डबा न्यायचीच. काम नाही मिळालं तर तोच डबा घरी आणून आम्ही खायचो.

म्हणून “महिन्यात किती दिवस कामावर जायचीस” आणि “महिन्यात किती दिवस काम मिळायचं” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. दुसऱ्याचं उत्तर सणावाराला, लगीनसराईला आणि शेतीच्या दिवसांत बदलतं, कारण तेव्हा कायमचे लोक कोकणात किंवा घाटावर गावी जात आणि बदलीवाल्यांची चंगळ व्हायची. आजीला तारखा आठवत नसतील, पण “शिमग्यात भरपूर काम असायचं” हे आठवतं.

पुढे विचारा: आत कुणी घेतलं? पुरुषांच्या खात्यात माणसं कामाला लावणारा जॉबर किंवा मुकादम, तशी बायकांच्या खात्यात नायकीण. वाइंडिंग आणि रिळिंग (सुताच्या लडी करणं) ही मुख्यतः बायकांची खाती, आणि तिथं कुणाला बोलवायचं हे नायकिणीच्या हातात. तिला काय द्यावं लागायचं? पैसे, साडी, गावाहून आलेला तांदूळ, की तिच्या घरचं दळण? हा प्रश्न पहिल्या बैठकीत नको. नायकीण पुष्कळदा नात्यातली किंवा गावचीच असते, आणि आजी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

कायद्याची थोडी माहिती जवळ असू द्या, म्हणजे आठवण तपासता येते. १९३४ आणि १९४८ च्या कारखाना कायद्यांनी बायकांना साधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत कामावर ठेवायची मुभा होती. तेव्हा आजी “गिरणीत रातपाळी केली” म्हणाली, तर खोटं म्हणू नका, पुन्हा विचारा. बहुधा रात्रीचं काम घरचं असतं: मसाला, शिलाई, उद्याच्या खानावळीची भाजी निवडणं. हाच नियम दुसऱ्या बाजूनेही कामाला येतो. गिरण्या दोन आणि तीन पाळ्यांत चालू लागल्या तशी, ज्यांना रात्री लावता येत नाही अशा बायका मालकांना नकोशा झाल्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचातली साधारण एक कामगार बाई होती. पुढच्या दशकांत हे प्रमाण उतरतच गेलं. नव्या वेगवान यंत्रांनी वाइंडिंगमधली माणसं कमी झाली, ती बायकाच. तुमची आजी ‘काम सोडलं’ असं म्हणत असेल, तर ते साल आणि खातं बघा. सोडलं की सुटलं, याचा अंदाज तिथं येतो.

बाळंतपणाचं विचारताना सांभाळून. मुंबई इलाख्यात १९२९ पासून बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा होता, आणि सगळ्या देशासाठीचा १९६१ चा. पण भत्ता मिळायला ठरावीक काळाची नोकरी दाखवावी लागे, आणि बदलीवालीची नोकरी तुकड्यातुकड्यांची. बाळाचं काय केलं, हा त्याहून अवघड प्रश्न. पन्नासाहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवं, असं १९४८ चा कारखाना कायदा तेव्हा म्हणत होता. त्याआधीच्या काळात कामावर जाताना मूल झोपून राहावं म्हणून अफूची बारीक गोळी द्यायची पद्धत गिरणगावात होती, आणि सरकारच्या कामगार खात्याच्या पाहणीतही ती नोंदली गेली. आजीने स्वतःहून विषय काढला तर ऐका. आपण होऊन विचारू नये, असं माझं मत.

खानावळीचं वेगळं आहे. तिथं बायका स्वतःला मालकीण समजतात आणि भरभरून बोलतात. किती माणसं जेवायला, महिन्याचे पैसे पगारानंतर मिळायचे की उधारी राहायची, संप झाला की काय? हा संपाचा प्रश्न हमखास विचारा. गिरणी बंद असली तरी खानावळीतल्या पोरांना जेवू घालायचं आणि वाण्याची उधारी अंगावर घ्यायची, हे खानावळवालीने केलंय. संपाच्या इतिहासात तिचं नाव क्वचितच येतं. यातूनच पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तिकडे गिरगावात १९५९ च्या १५ मार्चला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. घरकामाच्या मधल्या तासांत करायचं काम ही कल्पना त्यांना कुणी शिकवली नव्हती. चाळीचाळीत ते चालूच होतं.

पैशांची भानगड. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. नंतर शंभर नवे पैसे. आजी “सहा आणे” म्हणाली तर काळ बहुधा आधीचा, “चाळीस नये पैसे” म्हणाली तर नंतरचा. पण सावध राहा, आणे बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं राहिले, चार आणे तर माझ्याही तोंडात आहेत. आकडा आजच्या रुपयांत बदलत बसू नका. त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा त्याच वर्षाचं खोलीभाडं, रेशनचे तांदूळ आणि शाळेची फी तिलाच विचारा, आणि शेजारी मांडा. “काजं-बटणांच्या पैशांत खोलीचं भाडं निघायचं” हे एक वाक्य पुरतं. गिरणीच्या पगारासाठी एक खूणगाठ: औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत किमान मूळ पगार २६ दिवसांना ३० रुपये ठरला, वर महागाई भत्ता. बदलीवालीला भरलेल्या दिवसांचेच.

कागद कुठं असतात? पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, आणि गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीसाठी केलेल्या फाइलमध्ये. त्या फाइलीत सगळे आजोबांचे कागद असतात, पण मागच्या बाजूला आजीचं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फंडाची पावती किंवा हजेरीचं कार्ड अडकलेलं मी पाहिलंय. दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. नाव माहेरचं आहे की सासरचं, वय किती लावलंय, तेही टिपा. वय बहुतेक अंदाजाने लिहिलेलं असतं.

छापील साधनांत पहिलं ‘लेबर गॅझेट’. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने ते १९२१ पासून दरमहा काढलं. संप, मजुरी, महागाईचे आकडे त्यात आहेत. जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत मिळतात, आणि सरकारी कागदांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आहे. तिथं जाण्याआधी खात्याचं नाव आणि साल पक्कं करून जा, नाहीतर दिवस फुकट.

जनगणनेचे तक्ते मात्र जपून वाचा. तुमच्या आजीची स्वतःची नोंद बघायला मिळणार नाही, ती कायद्याने गोपनीय आहे. मिळतात ते एकूण आकडे, आणि दर दहा वर्षांनी मोजायची फूटपट्टीच वेगळी. १९५१ ला माणसं तीन प्रकारांत घातली: स्वतःचं पोट भरणारी, काही कमावणारी पण अवलंबून असलेली, आणि काहीच न कमावणारी. पापड लाटणारी बाई मधल्या खणात जायला हवी होती. ती गेली की नाही, हे दारात उभ्या गणकाला कुणी उत्तर दिलं यावर ठरायचं. १९६१ ला व्याख्या सैल: नियमित कामात मागच्या पंधरवड्यात एक दिवस काम केलं असलं तरी कामगार, हंगामी कामात हंगामाचा बराच काळ रोज तासभर केलं असलं तरी कामगार, आणि घरगुती उद्योगाला वेगळा रकाना. १९७१ ला मुख्य काम काय, एवढंच आधी विचारलं, आणि लाखो बायका ‘घरकाम’ म्हणून बाहेर पडल्या. तेव्हा १९६१ ते १९७१ मध्ये बायकांनी काम सोडलं, असं कुणी नुसत्या तक्त्यावरून सांगितलं तर मान डोलावू नका.

लिहिताना एका बाईला एक वही. डाव्या पानावर ती बोलली तसं, तिच्याच भाषेत, मालवणी असो की साताऱ्याची. उजव्या पानावर तुमच्या नोंदी: साल, कागद, शंका. दोन माणसं वेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहा, कोण म्हणालं ते लिहा, मध्यममार्ग काढू नका. ‘हातभार लावायची’ असं तुमच्या लेखणीतून आलं तर खोडा आणि त्या जागी रक्कम लिहा.

लिहून झाल्यावर एकदा मोठ्यांदा वाचून दाखवा. ती दोन ठिकाणी म्हणेल, “हे नको.” ते काढा. छापायचं, घरात ठेवायचं की कुणा अभ्यासकाला द्यायचं, हेही तिलाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा. ती नसेल तर तिच्या लेकीला विचारा.