दाढीची निळसर झाक मेकअपने कशी झाकावी

गेल्या मे महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली. चुलतबहिणीचं लग्न होतं आणि साडी नेसून सगळ्या नातेवाइकांसमोर ती पहिल्यांदाच उभी राहणार होती. घरून मेकअप करूनच आली होती. फाउंडेशनचे तीन थर, वरून कॉम्पॅक्ट. तरी खिडकीपाशी बसवल्यावर हनुवटी आणि ओठांच्या वरचा भाग राखाडी दिसत होता, खडू पुसलेल्या पाटीसारखा. "ताई, अजून एक हात मारू का?" तिने विचारलं. मी तिला आधी तोंड धुवायला पाठवलं.

माझ्याकडे येणाऱ्या ट्रान्स मुली, लावणी करणारे मुलगे, नाटकात स्त्रीभूमिका करणारे नट, पीसीओडीमुळे हनुवटीवर राठ केस येणाऱ्या बायका, सगळ्यांची चूक हीच असते. थर वाढवून ही झाक जात नाही. ती रंगाने मारावी लागते.

कारण साधं आहे. दाढी कितीही गुळगुळीत केली तरी केसाचा काळा खुंट त्वचेच्या आत असतोच. त्वचेच्या आडून तो काळा रंग निळसर दिसतो आणि आपल्या गव्हाळ रंगावर कधीकधी हिरवट. त्यावर थेट त्वचेच्या रंगाचं फाउंडेशन लावलं की निळा आणि पिवळा मिळून मातकट राखाडी तयार होतो. रंगचक्रात निळ्याच्या बरोबर समोर नारिंगी असतो. म्हणून फाउंडेशनच्या आधी नारिंगी करेक्टर, म्हणजे झाक मारणारं रंगीत क्रीम, लागतो. बाकी सगळी कला ही एवढी गोष्ट नीट करण्यात आहे.

दाढी: निम्मं काम इथेच होतं

अंघोळीनंतर किंवा गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं तोंडावर धरून मग दाढी करा. केस मऊ पडतात. ब्लेड नवं घ्या. फोम किंवा जेल लावून पहिला हात केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. मग पुन्हा फोम लावून दुसरा हात आडवा किंवा उलटा. गळ्यावरचे केस बऱ्याच जणांचे भलतीकडेच वळलेले असतात, त्यामुळे आधी बोटांनी चाचपून दिशा बघून घ्या. ज्यांना केस आत वळून पुळ्या येतात त्यांनी उलटा हात मारू नये. लालबुंद, फोडाळलेल्या त्वचेवर मेकअप कधीच बसत नाही, त्यापेक्षा थोडी झाक परवडली.

कापलं तर ओली तुरटी फिरवा आणि धुऊन टाका. दाढी आणि मेकअप यांच्यात किमान पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मग हलकं मॉइश्चरायझर लावा आणि ते पूर्ण मुरू द्या. तेलकट त्वचा असेल तर फक्त दाढीच्या भागावर मॅट प्रायमरचा (मेकअपच्या आधी लावायच्या क्रीमचा) वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. नवीन काहीही वापरणार असाल तर आदल्या दिवशी कानामागे लावून बघा. खाज सुटली तर ते नको.

करेक्टर: कमी लावा, नेमकं लावा

गोऱ्या रंगाला पीच, गव्हाळ रंगाला नारिंगी, सावळ्या रंगाला विटकरीकडे झुकणारा गडद नारिंगी. पॅलेटमध्ये हिरवा करेक्टरही असतो. तो लाल डागांसाठी आहे, दाढीवर लावू नका. करेक्टर हाताशी नसेल तर नारिंगी-लाल मॅट लिपस्टिक चालते, मी ती कितीदा वापरली आहे. गुलाबी किंवा मरून मात्र नको, त्यात निळी छटा असते आणि झाक उलट जांभळी होते.

करेक्टर सगळ्या चेहऱ्याला लावायचा नाही. आरशात बघून झाक जिथे खरोखर आहे तिथेच: ओठांच्या वर, हनुवटी, जबड्याची कड आणि जबड्याखालचा गळा. गळा हमखास विसरला जातो आणि मान वर केली की तोच दिसतो. हाताच्या पाठीवर थोडा करेक्टर घेऊन बोटाने गरम करा. मग अनामिकेने किंवा ओल्या स्पंजने थापत थापत बसवा. घासलात तर तो खुंटांच्या मधून सरकतो आणि पट्टे पडतात. थर इतका पातळ हवा की त्वचेची रंध्रं दिसत राहतील.

त्या मुलीच्या हनुवटीवर पहिला थर बसला तेव्हा तिचा चेहरा पडला. तोंडाभोवती पपईचा गर फासल्यासारखं दिसत होतं. इथे सगळे घाबरतात आणि पुसून टाकतात. पुसू नका. निळसरपणा गेला का, एवढंच बघा. गेला असेल तर थांबा, उरला असेल तर नेमक्या तेवढ्याच जागी आणखी एक ठिपका. मग ट्रान्सलूसंट, म्हणजे रंग न दिसणारी, पावडर पफवर घेऊन, जास्तीची झटकून, हलकेच दाबा. ही पावडर सोडू नका. तिच्यामुळे नारिंगी जागच्या जागी राहतो आणि वरच्या फाउंडेशनमध्ये कालवला जात नाही.

फाउंडेशन

दाट, पूर्ण झाकणारं फाउंडेशन किंवा पॅनस्टिक (कांडीच्या रूपातलं दाट फाउंडेशन) घ्या. नाटकवाल्यांच्या पेटीत क्रायोलानची स्टिक असतेच. ती बर्लिनची कंपनी १९४५ पासून रंगभूमीसाठीच रंग बनवत आली आहे. शेड मनगटावर बघू नका, गळ्याशी जुळवा आणि दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नका, दाराशी उजेडात या. पुन्हा तेच: थापायचं, ओढायचं नाही. दाढीच्या भागावर दोन पातळ थर, बाकी चेहऱ्यावर एकच. सगळीकडे सारखा जाड थर दिला की चेहरा मुखवट्यासारखा होतो. नारिंगी कुठे डोकावत असेल तर त्या ठिपक्यावर त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर लावा.

बालगंधर्वांच्या काळात प्रेक्षक लांब बसलेला असायचा. दशावतारातले नट आजही स्वतःच्या हाताने रंगतात आणि देवळासमोरच्या उजेडात रात्र काढतात. तिथे जाड रंग शोभतो. लग्नात मावशी एका हाताच्या अंतरावर येऊन गालाला हात लावते. म्हणून पातळ थरांचा माझा आग्रह आहे.

शेवटी पावडर दाबून सेटिंग स्प्रे. ओठांच्या कोपऱ्यांजवळ पावडर अगदी कमी, कारण बोलताना-हसताना तिथेच भेगा पडतात. ब्लशर गालफडाच्या वरच्या बाजूला, कानशिलाकडे ओढलेला, आणि डोळे ठसठशीत ठेवा. बघणाऱ्याची नजर वर राहते, जबड्याकडे जात नाही. मग खिडकीत उभं राहून एक फोटो आणि फ्लॅश लावून दुसरा काढा. फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा पडला तर पावडर जास्त झाली आहे, कोरड्या ब्रशने झटका.

दिवसभर टिकवताना

दाढी दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढते, म्हणजे सकाळी सातला केलेली संध्याकाळी बोटाला लागते. कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर दाढी दुपारी करा. घाम आला तर रुमालाने पुसू नका, टिश्यू दाबून टिपा आणि मगच पावडरचा हलका पफ. टिपण्याआधी पावडर मारली तर लापशी होते. मुंबईच्या दमटपणात पर्समध्ये टिश्यू, पफ आणि कन्सीलर एवढं पुरतं.

रोजचा हा खटाटोप नको असेल त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे लेझरची चौकशी करावी. काळ्या केसांवर तो चांगला चालतो, पांढऱ्यांवर नाही, आणि काही आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात. त्या काळात दाढी चालते, पण वॅक्सिंग आणि थ्रेडिंग बंद ठेवा, कारण लेझरला मुळाशी केस लागतो. एकदा आलेली दाढी संप्रेरकांच्या गोळ्या घेऊन आपोआप जात नाही. या समजुतीवर वाट बघत बसलेल्या मुली मला भेटतात आणि वाईट वाटतं.

मेकअप उतरवताना खोबरेल तेल किंवा क्लेंझिंग बाम कोरड्याच चेहऱ्यावर चोळा, जुन्या सुती कापडाने टिपून घ्या, मग फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. कापड जुनंच घ्या, नारिंगीचा डाग सहज जात नाही. ती मुलगी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पफ परत करायला आली, तेव्हा आईच्या नव्या टॉवेलला तो डाग लागल्याचं सांगत होती. आईने मेकअप उतरवायला स्वतः मदत केली होती.