उबुंटूवर पॅकेज डाउनलोड होत नाही? या चुका टाळा

पॅकेज उतरले नाही की पहिला दोष इंटरनेटला आणि दुसरा मिररला, म्हणजे पॅकेजांची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरला, द्यायचा, अशी रीतच पडून गेली आहे. सोलापुरात लिनक्सची लहानमोठी कामे करताना मला दिसते ते असे, की एपीटी, म्हणजे उबुंटूवर पॅकेजे उतरवून बसवणारे साधन, आपले दुखणे बहुधा स्पष्ट शब्दांत सांगत असते. वाचणारा शेवटच्या ओळीवर थांबतो आणि खरे कारण चार ओळी वर राहून जाते.

अक्कलकोट रस्त्यावरील एका चादर कारखान्याच्या कार्यालयात उबुंटू २२.०४ चा एक संगणक आहे. गड्ड्याच्या यात्रेआधी बंद केलेला तो संगणक तीन आठवड्यांनी सुरू झाला आणि कोणतेही पॅकेज मागितले की ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, असे येऊ लागले. तेथील तरुणाने दोन दिवसांत चार मिरर बदलले, मोबाइलचे हॉटस्पॉट लावून पाहिले आणि शेवटी विंडोज टाकण्याची भाषा सुरू केली. मी पॅकेजांच्या याद्या ताज्या करणारे एपीटी अपडेट चालवले आणि सगळा मजकूर वाचला. मूळ भांडाराची यादी बिनतक्रार येत होती. अपडेट्स आणि सिक्युरिटी या याद्यांपुढे मात्र ‘नॉट व्हॅलिड येट’ असे लिहिलेले होते, म्हणजे त्या याद्यांवरची तारीख या संगणकाच्या लेखी अजून उजाडायचीच होती.

संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डावरची बॅटरी संपली होती. अशा वेळी उबुंटू सुरू होताना आपल्याकडे जपलेली शेवटची वेळ धरते, त्यामुळे घड्याळात एखादे डोळ्यांत भरणारे जुने साल दिसत नाही, नुसता तीन आठवड्यांचा फरक राहतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय असते. पण तेथील राउटरवर त्यासाठी लागणारे यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट बंद होते. नव्या याद्या नाकारल्या गेल्याने एपीटी जुन्याच यादीवर चालत राहिले आणि त्या यादीतील आवृत्त्या सर्व्हरवरून एव्हाना हटल्या होत्या, म्हणून ४०४. नवी पेठेतून सीआर२०३२ बॅटरी आणली, पोर्ट उघडले आणि काम झाले.

तारखेची तपासणीच बंद करण्याचा पर्याय त्या तरुणाला सापडला होता आणि तो लावण्याच्या तो बेतात होता. जुनी यादी ताजी म्हणून कोणी आपल्या गळ्यात मारू नये, यासाठी ती तपासणी असते. ताप आला म्हणून थर्मामीटर फेकण्यातला हा प्रकार आहे. मी तर दुसरे काही करण्याआधी टाइमडेटसीटीएल ही तारीख-वेळ दाखवणारी आज्ञा चालवतो आणि तारीख हातातल्या मोबाइलशी ताडून पाहतो.

एका वेळी एकच प्रोसेस पॅकेजे बसवू शकेल यासाठी लागलेल्या लॉकची फाइल पुसून टाकणे ही दुसरी खोड. संगणक सुरू झाल्यावर सुरक्षेचे अपडेट पाठीमागे आपोआप चालू असते, तेवढ्यापुरते लॉक लागते आणि ते कोणत्या प्रोसेसने धरले आहे हेही त्या संदेशातच लिहिलेले असते. फाइल पुसल्याने ती प्रोसेस थांबत नाही. दोन प्रोसेस एकाच वेळी डीपीकेजीच्या, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांच्या, नोंदींत हात घालू शकतात, एवढेच होते. दहा मिनिटे थांबावे. ज्यांना दहा मिनिटे धीर धरवत नाही, त्यांचा पुढचा अर्धा दिवस अर्धवट बसलेली पॅकेजे निस्तरण्यात जातो.

भांडाराची सही तपासणारी किल्ली सापडत नाही असा संदेश आला, तर ‘ट्रस्टेड इक्वल्स येस’ लिहून सही टाळू नये. त्या भांडाराची योग्य किल्ली मिळवावी. डिस्क भरली असेल तर आधी उतरवलेल्या पॅकेजांच्या फाइली काढणारे एपीटी क्लीन चालवावे. सर्व्हरचे नावच सापडत नसेल, तर मिरर नव्हे, नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस पाहावा.

आवृत्तीची मुदत संपली आहे का, हे मात्र फारच थोडे जण पाहतात. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराच्या, आवृत्त्यांना पाच वर्षे आणि मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने आधार मिळतो. २३.१० ची मुदत जुलै २०२४ मध्ये संपली आणि नंतर तिची भांडारे ओल्ड-रिलीझेस या सर्व्हरवर गेली. तेथून पॅकेज उतरते, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येत नाहीत. त्यामुळे पुढील आवृत्तीवर जाण्यापुरताच मी तो पत्ता लावतो.