टेक लाइव्हची सेटिंग कुठे बदलायची
दिवाळी अंकाची पानं मी लाटेक या पानं जुळवण्याच्या प्रणालीतच लावते, ती टेक लाइव्ह या संचातून येते; त्यामुळे त्याची सेटिंग कुठे बदलायची हे दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं. एडिटर उघडण्याआधी टर्मिनलला विचारा: ‘केपीएसई-व्हिच -ऑल टेक्सएमएफ.सीएनएफ’. याने सेटिंगची फाइल कुठे कुठे आहे ते कळतं; सहसा एकाहून जास्त फाइली निघतात आणि एखाद्या सेटिंगची आधी सापडलेली किंमत धरली जाते. टेक्सएमएफ-डिस्ट या टेक लाइव्हच्या स्वतःच्या फोल्डरातल्या फाइलला हात लावू नका. अपडेट आलं की बदल गेलेच समजा. थेट टेक लाइव्हच्या वर्षाच्या फोल्डरात, म्हणजे २०२५ वगैरे, जी छोटी फाइल असते तिच्यात फक्त बदललेली ओळ लिहा. अख्खी फाइल तिथे कॉपी करणाऱ्यांना मी हात जोडते.

मेन_मेमरी, म्हणजे टेकला वापरायला मिळणारी मेमरी, वाढवलीत तर ‘एफएमटी-युटिल-सिस --ऑल’ चालवाच. तो आकडा फॉरमॅट (टेक सुरू होताना वाचतं ती आधीच तयार केलेली फाइल) बनवतानाच वाचला जातो, नाहीतर फरक शून्य.

स्वतःच्या स्टाइल फाइली (मांडणीचे नियम असलेल्या) टेक्सएमएफ-होम या तुमच्या खात्यापुरत्या फोल्डरात टेक्स/लाटेकखाली ठेवा, लगेच सापडतात. टेक्सएमएफ-लोकल या सगळ्या खात्यांसाठीच्या फोल्डरात टाकल्या तर फाइलींची यादी नव्याने बनवणारं ‘एमके-टेक्स-एलएसआर’ हवं.

फॉन्ट मॅपसाठी, म्हणजे कोणत्या फॉन्टला कोणती फाइल हे सांगणाऱ्या यादीसाठी, ‘अपडमॅप-सिस’ वापरा. ‘अपडमॅप-यूजर’ एकदा चालवलं की सिस्टिममध्ये नंतर आलेले मॅप तुमच्या खात्याला दिसतच नाहीत.